नालछ्याच्या रस्त्याचं डांबर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी — ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असं अख्खं धार म्हणतं!

देवासला ताईच्या घरी एकदा भावोजींनी मला बाजूला घेतलं. कारखान्यातून निवृत्त झालेला, घसा खाकरल्याशिवाय न बोलणारा माणूस. "शौचाला काळं होतं रे. डांबरासारखं. ताईला सांगू नको."

ताईला नाही सांगितलं. शब्दाचा पक्का ना मी! पण पुढे धारला चुलतभावाच्या मुलाची मुंज होती; तेव्हा नालछ्यावरून मांडूला जाणाऱ्या रस्त्याचं डांबरीकरण चाललं होतं. ताई आत बायकांत. बाहेर पुरुषांची पंगत — आणि माझ्यासमोर पंगत म्हणजे काय, ठाऊक आहे ना? मी उठलो, त्यांच्यासारखा घसा खाकरला, पोट धरून चार पावलं चाललो. "नालछ्याच्या रस्त्याला डांबर कोण पुरवतं? आमचे भावोजी!" कुणीतरी ओरडलं, "मांडूपर्यंत पुरेल का, भिया?" सगळा मांडव हसला. भावोजीही हसले — पानाकडे बघत.

मग त्यांना दम लागू लागला. डॉक्टरांकडे मीच नेलं. तपासणीत अंगात रक्त फार कमी निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "बाबूजी, मल काला तो नहीं आता?"

भावोजींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नहीं."

मला ठाऊक होतं. आणि मी — गप्प बसलो. का? त्यांचा मान राखला, असं स्वतःला सांगून पाहिलं. खोटं आहे ते. तीच गोष्ट, हशा वजा करून, सरळ सांगायची होती. तेवढंही जमलं नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनीही काळंच होतं, म्हणजे पुढे शंका यायलाही जागा उरली नाही.

काही महिन्यांनी ते न्हाणीघरात कोसळले. इंदूरला वरून दुर्बीण घातली, खालून घातली, काही दिसेना. शेवटी कॅमेऱ्याची गोळी गिळायला दिली, तेव्हा लहान आतड्यात त्या दिसल्या — फुगलेल्या, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या, हळूहळू पाझरणाऱ्या; तेच रक्त काळं होऊन पडत होतं. लांब दुर्बिणीतून डाग देऊन त्या बंद केल्या. रक्त थांबलं. पण इतके महिने पाण्यासारख्या रक्तावर चाललेलं हृदय — ते सावरलं नाही. दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

"आधी कळलं असतं तर," डॉक्टर म्हणाले.

ताई आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "सगळी धावपळ यानंच केली हो. ह्यांनी माझ्या भावापासून कधी काही लपवलं नाही."

ते खरं आहे.