साखळीचं टोक

साखळीबाईंना क्षमा आवडत नसे. शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहायची पद्धत होती. ‘क्षमा हे वीरांचे भूषण आहे’ हा वाट्याला आला की बाई तो गाळून ‘जेवणापूर्वी हात धुवावेत’ असं लिहीत आणि आमच्याकडे वळून म्हणत, “माफ करायचं म्हातारपणी. आत्ता धरायचं.”

कशेळ्याच्या पलीकडे आमचं गाव. साठ-पासष्टचा सुमार. मी चौथीत, अंगानं जाड, दहा पावलांत धापा टाकणारी. भाताच्या गिरणीवाल्याचा गजा वर्गाचा राजा होता. खेळात कोणाला घ्यायचं ते तोच ठरवी. “म्हस हाय ती. तू दप्तरं राख गं,” असं त्यानं एकदा सांगितलं आणि मी दोन वर्षं दप्तरं राखली. याचा सूड कसा घ्यायचा, एवढा एकच अभ्यास मी तिथं बसून मन लावून केला.

बाई देशावरून बदलून आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला दप्तरांपासून उठवलं. मी गजाकडे बोट दाखवलं. वाटलं, आता याच्या कानाखाली वाजणार. पण बाईंनी पदर खोचला आणि साखळीचा डाव मांडला. राज्य असेल त्यानं एकाला शिवायचं, मग दोघांनी हात धरून तिसऱ्याला, हा खेळ सगळ्यांच्या पायाखालचा. बाईंनी त्याला एक नियम जोडला. पहिला सापडेल त्यानं शेवटपर्यंत टोकाला राहायचं आणि शिवायचं ते टोकानंच. पहिली कोण सापडणार हे काय सांगायला हवं! दुसऱ्या टोकाला बाईंनी राज्य दिलेली ठकी, जी पाढा म्हणतानाही रडायची. महिन्याभरात तीच ठकी “बांधाकडनं वळा रं!” असे हुकूम सोडू लागली आणि मोठी मोठी पोरं वळू लागली.

गजा मात्र हाती लागत नसे. मी चिडून शिव्या द्यायचे. बाई म्हणत, “राग पायात उतरव गं. तोंडात ठेवून तो वाया जातो.”

पंधरा ऑगस्टला सारं गाव मैदानावर जमलं. अध्यक्ष अर्थातच गिरणीवाले. बाईंनी साखळीच लावली. सगळे सापडले, उरला गजा. ठकीनं एका बाजूनं कोंडला, मी दुसऱ्या. मागं भाताचं खाचर पाण्यानं भरलेलं. नुसता हात लावायचा होता, मी दोन वर्षांचा धपाटा घातला. पांढऱ्या शर्टासकट गजा चिखलात बसला. गाव पोट धरून हसलं आणि मला इतका आनंद झाला, की तसा पुढं लग्नातही झाला नाही.

“बाद!” बाई ओरडल्या. मग म्हणाल्या, “आता धर त्याचा हात.”

“मी नाय धरनार.”

“सापडला की तो आपला. आपल्या माणसाला चिखलात ठेवायचं नसतं.”

मी धरला. नखं रुतवूनच, पण धरला आणि ओढून वर काढला.

गिरणीवाले हसले नव्हते. ‘बाई पोरींना पोरांच्या अंगावर सोडते’ अशी तक्रार वर गेली आणि दिवाळीआधी बाईंची बदली झाली. त्या निघाल्या त्या दुपारी ठकीनं माझा हात धरला, मग तिचा कोणी, आणि एस.टी.समोर रस्ताभर साखळी उभी राहिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. गिरणीच्या ओट्यावर गजाचा बाप सुपारी कातरत मजा बघत होता. गजा त्याच्या शेजारीच होता. तो ओट्यावरून उतरला, सरळ माझ्याकडे आला आणि त्यानं माझा मोकळा हात धरला.

“गजा, घरात हो!” बाप कडाडला.

“नाय येत,” गजा म्हणाला. “मी सापडलोय.”

बापाच्या हातातली सुपारी तशीच राहिली. तो चेहरा मी अजून जपून ठेवलाय. बाईंनी खिडकीतून तो पाहिला, डोळे पुसले आणि आम्हांला म्हणाल्या, “सोडा आता.”

गजाला मी तिथंच सोडला. त्याच्या बापाला नाही. आता माझी सत्तरी उलटली, गुडघे बोलतात. नात म्हणते, “आजी, तो माणूस कधीच गेला, आता तरी माफ कर.” मी तिला सांगते, बाईंनी म्हातारपणी करायला सांगितलंय. मी अजून म्हातारी झालेली नाही.