उंबऱ्याच्या अलीकडे

चहा घेऊन मी गॅलरीत तुमच्या आजोबांची वाट पाहते. कंपवातामुळे दारात त्यांचे पाय थिजतात. जमिनीवर आडवी रेघ दिसली की पाऊल उचलतं, म्हणून तिथे मी खडूने रेघा ओढल्यात.

तुम्ही पाठवलेला लेख काल त्यांना वाचून दाखवला. नव्या औषधाने प्रयोगशाळेतले उंदीर पुन्हा नीट चालू लागले म्हणे.

"उंदरांची चैन आहे," ते म्हणाले. "आपला नंबर कधी?"

"लागेल हो."

आज रेघाही उपयोगी पडेनात. एवढ्याशा अंतरासाठी दूर कुठेतरी कुणी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात पाहत बसलं असेल. आजोबा दारापलीकडे अडकलेले समोर दिसत होते, तरी मला फार एकटं वाटलं.

शेवटी दोन्ही कप उचलून मीच दाराशी गेले. उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही चहा प्यायलो.