घोडीला स्थळ बघताना

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी घोडीवर बसायला कायमची बंदी घातली. नवऱ्याची कंबर त्याआधीच गेली होती. म्हणजे घोडी धडधाकट आणि तिचे दोन्ही स्वार निकामी. काही दिवस ती गोठ्यात मुकाट उभी राहिली, मग दावं चघळायला लागली, मग येता-जाता माझा पदर ओढायला लागली. कामाची सवय असलेला जीव नुसता बसून कसा वैतागतो, हे मला माझ्यावरूनच कळत होतं. तिला चांगलं घर बघायचं ठरवलं आणि माझी झोप उडाली.

चांगलं घर म्हणजे काय, ते माझ्या डोक्यात पक्कं होतं. मार बसू नये आणि काम मिळावं. हिच्यावर बसून मी कित्येक वर्षं शेतातल्या वाटेने मच्छे गावाला शाळेत शिकवायला जात होते. आधी गाव हसलं, मग गावच तिला मागायला लागलं. वरातीला ही, शिवजयंतीच्या मिरवणुकीला ही, जत्रेत पोरांना चक्कर मारायलाही हीच. कानाशी ढोल वाजला तरी फक्त कान हलवायची. इतका शांत स्वभाव आमच्या घरात दुसऱ्या कुणाचा नाही, माझा तर मुळीच नाही.

अडचण एकच. तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे. आमच्याकडे बैल असो की घोडा, माणसं आधी भोवरे बघतात, मग पाय. डोळ्याखाली भोवरा म्हणजे त्या घरात रडारड ठरलेली. आमच्या ह्यांना ती विकली, तेव्हा विकणाऱ्याने नेमका तिथेच लोकरीचा लाल गोंडा बांधला होता आणि हे त्या गोंड्यावरच भाळले. घरी आल्यावर मी गोंडा सोडला तेव्हा सगळं उघड झालं. पण तोवर तिने माझ्या हातची भाकरी खाल्ली होती, मग परत कोण पाठवतंय! गावालाही भोवरा ठाऊक होता, पण आपल्याच गावची घोडी म्हटल्यावर कुणी मनावर घेतलं नाही.

बाहेरचे मात्र घ्यायचे. पहिले आले ते चिकोडीकडचे, घोडागाडीच्या शर्यतीवाले. चाबूक वापरता का, असं विचारलं तर नुसते हसले. मी त्यांना हाकलणारच होते, पण त्याआधी त्यांनाच भोवरा दिसला आणि ते चहाही न घेता उठले. त्या दिवशी मी त्या भोवऱ्यावरून मायेनं हात फिरवला. नंतर आले निपाणीचे, वरातीला घोडे देणारे. माणसं गोड, फोटोतले त्यांचे घोडे तुकतुकीत. मला स्थळ पसंत होतं. पण नवरदेवाच्या खाली रडका भोवरा कसा चालेल? बिचारे हात जोडून गेले. त्यानंतर कुणी फिरकेना. मंगळ असलेल्या मुलीच्या आईसारखी मी फाटकाकडे डोळे लावून बसायची.

"गोंडा बांध की गं," नवरा म्हणाला. "मला न्हाय का तसंच फसवलं?"

"आन् तिकडं कळल्यावर हिला हाकलली तर? लपवून देणार न्हाय मी."

मग एक दिवस लोंढ्याहून एक जोडपं आलं. ते निवृत्त बस ड्रायव्हर. गावाबाहेर त्यांचं शेत होतं आणि तिथं रोज घोडीवरून जायची हौस. आधी कधी बसलात का, असं मी विचारलं.

"न्हाय. पर शिकतो की."

चढण्याआधी त्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि तिलाच विचारलं, "बसू का बाई?" मला माणूस तिथंच पटला. ते नीट बसेपर्यंत ती हलली नाही. मग भरली घागर घेऊन चालावं तशी त्यांना अंगणभर फिरवून आली.

मग मी बोलून टाकलं. "डोळ्याखाली भोवरा हाय. आधीच सांगते."

त्यांची बायको जवळ आली आणि भोवरा निरखून बघू लागली. आता ही पण जाणार, असं मी धरूनच चालले. तेवढ्यात तिने आपला अंबाडा वर उचलला आणि मान माझ्याकडे वळवली. मानेवर हा एवढा भोवरा.

"नवऱ्याला खातो म्हणं असला," ती म्हणाली. "बघाय आलेले किती जण उठून गेले, आक्का. ह्यांनी तेवढं मला करून घेतलं." तिने नवऱ्याकडे बोट केलं. ते घोडीवरून उतरता उतरता एका पायावर अडकले होते. "आजून तरी खाल्लं न्हाय मी. तेच दोन भाकरी जास्त हाणत्यात."

मी इतकी हसले की ऑपरेशनचा गुडघा दुखला. सोयरीक जमली.

न्यायला टेम्पो आला. बायकोला पुढे बसवून ड्रायव्हरसाहेब मागे घोडीजवळ उभे राहिले. जन्मात पहिल्यांदाच ते गाडीत मागे चढले असतील. टेम्पोवाल्याला मात्र तिथूनही सांगत होते, "सावकाश घे रं, खड्डा हाय पुढं."

टेम्पो वळणाआड गेला. मी घट्ट राहायचं ठरवलं होतं आणि राहिलेही. मागे वळून बघते तर नवरा रिकाम्या गोठ्यात बसलेला, हातात तो जुना लाल गोंडा, आणि हमसून हमसून रडतोय. भोवऱ्याबिवऱ्यावर त्याचा कधीच विश्वास नव्हता.

"भोवरा खरा ठरला की वो," मी म्हणाले, आणि मग मलाही आवरेना.