ज्योत्सनाचं नॉर्मल

ज्योत्सनाला शीर डोळ्यांनी नाही, बोटांनी दिसते, असं आसगावात म्हणतात. अकरा वर्षं तिनं सिकलसेलच्या शिबिरांत रक्त काढलं. लाल कार्ड म्हणजे रोगी, पिवळं म्हणजे वाहक, आणि कार्डच नाही म्हणजे नॉर्मल. मुलीची सोयरीक ठरवायला निघालेले बाप तिच्या तोंडाकडे टक लावून बसत. ती ‘नॉर्मल’ म्हणाली की ते मोकळे होऊन उठत. तो शब्द उच्चारायला तिला आवडायचं.

वर्षभरापासून ती नागपूरच्या एका अभ्यासासाठी रक्त काढते. उदासीच्या आजारात कोणाच्या मनात जीव द्यायचं येतं, हे रक्तातल्या खुणांवरून आधी ओळखता येईल का, असा तो अभ्यास. खुणा अजून सापडायच्या आहेत. नमुने बर्फात घालून नागपूरला जातात आणि त्यांचं उत्तर कोणालाच मिळत नाही. आलेल्या माणसाच्या हाती काहीतरी द्यावं म्हणून हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड तपासून एक कागद देतात, तेवढंच.

त्या गुरुवारी सकाळी मंगरूचा फोन आला. मंगरू अड्याळकडच्या टोलीवरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा, मासे धरणारा ढिवर. त्याची बायको रेवताबाई दोन महिन्यांपासून धड जेवत नव्हती, बोलत नव्हती. अभ्यासासाठी तिचंही रक्त ज्योत्सनानं घेतलं होतं.

“बाई, आमच्या बुडीचा रिपोट काय आला?”

फोन खांद्यात दाबून ज्योत्सना नळ्यांवर नावं चिकटवत होती. समोर कागद होताच. “नॉर्मल आहे भाऊ.”

“सगळाच?”

“सगळाच.”

तिकडे तो हसला. तिलाही बरं वाटलं.

दुपारी त्याच टोलीवरची सुशीलाबाई भावाला घेऊन आली. बाही वर करताना भाऊ कुरकुरला, तशी ती म्हणाली, “चूप बस. बाई, याचाही तसाच नॉर्मल काढजा. मंगरूचं बरं झालं. पोरगी महिनाभर मायजवळून हालली नोती, आज बाराच्या गाडीनं सासरी धाडली तिले. म्हने, आता कायले राखाची? धोका रक्तातच नाही.”

ज्योत्सनानं भावाच्या दंडाची पट्टी सोडून टाकली. “आता घरी कोण आहे?”

“कोन राहीन? आज बोडीच्या पाण्यात मोठं जाळं. सारी टोली तिकडंच.”

मंगरूला फोन लागेना. रूपा, त्याची मुलगी, गाडीत असणार, तिचाही लागेना. ज्योत्सनानं स्कूटी काढली. चौदा किलोमीटर. दोन्ही बाजूंना धान उभं होतं, हिरवं, एकसारखं, संपतच नव्हतं. रक्त घेतानाचं आपलं बोलणं तिला आठवत राहिलं. ‘जिवाला धोका आहे का, ते रक्तावरून कळावं म्हणून घेतो.’ ‘अजून कळत नाही’ हेही आपण म्हणालो होतो. म्हणालो होतो ना? की घाईत राहिलं? समोर बैलगाडी आली, तिनं स्कूटी कडेच्या चिखलात घातली आणि तशीच पुढे काढली.

दार उघडं होतं. चुलीजवळ ताटात भात, वर माश्या. “मावशी.” तिनं आत डोकावलं. “मावशी.” शेजारची घरंही गप्प. ती मागच्या दाराकडे धावली.

परसात, भिंतीला टेकून, रेवताबाई उन्हातच बसली होती.

“काहून आली वं? आखीन रक्त पायजे?”

ज्योत्सना तिच्याजवळ खालीच बसली. इतक्या वर्षांत तिनं कोणाला असं काही विचारलं नव्हतं. विचारणं तिचं कामच नव्हतं; प्रश्न विचारून फॉर्म भरायला अभ्यासाची दुसरी मुलगी असायची. “मावशी, जीव द्यायचं मनात येतं का?”

रेवताबाईनं पायाच्या बोटातली जोडवी फिरवली. मग म्हणाली, “येते.”

“आज?”

“आज घर लय सुनं वाटून रायलं.”

ज्योत्सनानं तिचा हात धरला. दुसऱ्या हातानं भंडाऱ्याच्या मनोविकार डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आत्ताच घेऊन या, तोवर एकटं सोडू नका. मग तिनं ऑटो बोलावला आणि ती तिथंच बसून राहिली. तासाभरानं मंगरू आला, कमरेपर्यंत ओला, खांद्यावर जाळं.

“भाऊ, माझं चुकलं. मी म्हटलं ते नॉर्मल साखरेचं, थायरॉईडचं. तुम्ही समजलात ते नाही. ते कोणालाच सांगता येत नाही अजून.”

“मंग रक्त कायले नेलं आमचं? रस्सा कराले?”

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते पुढच्या काळातल्या लोकांसाठी होतं.

मंगरू बायकोकडे वळला. “अन् तू वं? त्या पोरीनं फारम भरला तवा सारं नाही नाही म्हनून रायली होती.”

“तू बाजूले बसून होता,” रेवताबाई म्हणाली. “आयकला असता तं रडत बसला असता. मंग तुले कोन पायलं असतं?”

मंगरूच्या खांद्यावरच्या जाळ्यातून पाणी ठिबकत होतं. शेवटी त्यानं ते भिंतीवर टाकलं आणि रूपाला फोन लावला. ती पवनीला उतरली होती. “परत ये,” एवढंच तो म्हणाला.

ऑटो आला तेव्हा रेवताबाई आधी चढली नाही. “डॉक्टरजवळ मी एकटी जाईन,” ती म्हणाली. “हा बाहेर बसन.”

“बसतो ना,” मंगरू म्हणाला, आणि ओल्या धोतरानंच ऑटोवाल्याशेजारी चढला.