वरचा माळा

ती घटना आजही आठवते, असं आम्ही निवृत्त पोलीस सगळेच लिहितो. खरं सांगू? मला ती आठवायला नको असते. पण दिवाळी जवळ आली की बायको म्हणते, "अहो, माळा आवरायला घ्या एकदाचा," आणि स्टुलावर चढलो की ती येतेच.

नोकरीची शेवटची काही वर्षं मी डोंबिवलीत होतो. एका मंगळवारी सकाळीच पोलीस ठाण्यात दोन बायका भांडत आल्या. एक ताई, मूळच्या कराडच्या, घरी साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या. दुसऱ्या त्यांच्या गिऱ्हाईक. गिऱ्हाईक बाईंची पैठणी ताईंच्या घरातून नाहीशी झाली होती. ती त्यांच्या वारलेल्या आईची, आणि चार दिवसांनी मुलीच्या साखरपुड्यात नेसायची होती. बाई रडत होत्या, ताई रडण्याच्या बेतात होत्या.

मी घर बघायला गेलो. तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन. घरात धंदा केला की माणसांना जागा उरत नाही, हे मी फार ठिकाणी पाहिलंय. दिवाणात साड्या, फ्रिजवर साड्या, बंद पडलेल्या वॉशिंग मशीनमध्ये फॉलचे गठ्ठे. ताईंचे यजमान बाल्कनीत बसून जेवत होते, बिचारे.

"रविवारीच सगळं लावलं हो साहेब," ताई सांगू लागल्या. "घाईच्या साड्या दिवाणात, बिनघाईच्या खोक्यात, चिठ्ठ्या लावून. पैठणी जोखमीची, म्हणून सोमवारी बाजारातून फोन केला मदतनीस बाईला, की अगं, ती वर माळ्यावर टाक."

आम्ही स्वयंपाकघरातला माळा पूर्ण रिकामा केला. दोन पंच, एक हवालदार, खोक्यांवर खोकी. पैठणी नव्हती. पंचनाम्यात तसं लिहिलं.

खबर मिळाली जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याकडून. "ताईंकडची कामाची बाई सोमवारी दुपारी जिन्यात दिसली साहेब. पदराखाली पिशवी होती." मला तेवढं पुरलं. ती जिना चढत होती की उतरत होती, हे मी विचारलंच नाही.

मदतनीस बाई राहायला दिव्याला. चाळिशीची विधवा, रोज सकाळी यायची, फॉल लावायची, संध्याकाळी परत. त्या दिवशी ती उशिरा आली, आणि कामाला बसताच आम्ही तिला जीपमधून ठाण्यात आणलं. सोबत महिला शिपाई होती. नियमात काहीच चुकलं नव्हतं.

"साडी उचललीस?" मी विचारलं.

"हो. मीच उचलली. ताईंनी सांगितलेलं ना, माळ्यावर ठेव म्हणून. ठेवली मी."

"माळा आम्ही रिकामा केलाय. तिथं साडी नाही."

ती एकदम गप्प झाली. चेहरा असा उतरला की मी मनात म्हटलं, सापडली. चोर पकडला गेला की असाच गप्प होतो, हे माझं तीस वर्षांचं शहाणपण. मग मी आवाज चढवला. कुणाला दिलीस? दुकानात विकलीस? ती मान हलवत राहिली. "मला माहीत नाय साहेब." बस्स, तेवढंच. दोन तास मी तिला तेच ते विचारत राहिलो. आज स्वतःचीच लाज वाटते.

शेवटी कंटाळून म्हटलं, जबाब लिहून घ्या. महिला शिपाई जन्मापासून मुंबईकडची, कोपरीची. ती सहज म्हणाली, "साहेब, खाली गर्दी आहे. हिला वरच्या माळ्यावर नेऊ का?"

आमच्या ठाण्याला पोटमाळा नव्हता. वर होता तो पहिला मजला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी साताऱ्याकडचा, ताई कराडच्या. आमच्याकडं माळा म्हणजे अडगळीची फळी. ही बाई परळच्या चाळीत वाढलेली. तिच्या लेखी माळा म्हणजे मजला!

"बाई, माळ्यावर म्हणजे कुठं ठेवलीस?"

तिनं आधी महिला शिपायाकडं पाहिलं, मग खाली. "चौथ्या माळ्यावर. आंटीकडं."

चौथ्या मजल्यावर एक म्हाताऱ्या ख्रिस्ती बाई एकट्या राहत. घरात जागा नाही म्हणून त्यांचं रिकामं कपाट मागायचं ताईंच्या मनात होतं. मदतनीस बाईच्या देखतच ताई तसं बोलल्या होत्या, पण आंटींना विचारायचं राहून गेलं होतं. हिला वाटलं, ठरलं.

"मग दोन तास सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच बोललात ना, माळा रिकामा केला, साडी नाय. मला वाटलं, आंटीनीच..." तिला हुंदका आला. "रोज मला चहा देते ती. ह्या वयात तिला पोलिसात कशाला आणू?"

मी हवालदाराला चौथ्या मजल्यावर पाठवलं.

आंटी त्याच सकाळी वसईला लेकीकडं गेल्या होत्या. फोन लावला तर म्हणाल्या, "पैठणी काय? हाय ना माझ्या कपाटात. डांबरगोळ्या टाकून ठेवलीय, कसर लागेल म्हणून." संध्याकाळच्या आत त्या स्वतः येऊन साडी देऊन गेल्या. गिऱ्हाईक बाईंनी ती छातीशी धरली. ताईंनी मदतनीस बाईचे हात धरून माफी मागितली. आम्ही सगळे सुटल्यासारखे हसलो.

ती हसली नाही. निघताना माझ्या टेबलाशी आली. "साहेब, एक काम कराल? मला धरून खाली आणली ना, तेव्हा सगळे दारात उभे होते. आता तुम्ही माझ्यासोबत चला आणि सगळ्या माळ्यांवर सांगा, की हिनं चोरी नाय केली."

बंदोबस्ताची बैठक होती. मी म्हटलं, "अहो, साडी मिळाली, विषय संपला. लोकांना आपोआप कळेल." माणसाला चोर म्हणताना मी अगं-तुगं करत होतो, निर्दोष ठरल्यावर "अहो". तेवढीच काय ती माझी भरपाई.

ती ताईंकडं कामाला परत गेली नाही. ताई दिव्याला दोनदा जाऊन आल्या, उपयोग झाला नाही. पुढं मी प्रत्येक चौकशीत साध्या शब्दाचाही अर्थ विचारत गेलो. सहकारी वैतागायचे. पण ते शिकणं माझ्या कामाला आलं, तिच्या नाही.

चार माळ्यांची इमारत होती. दहा मिनिटं लागली असती.