गोळी बंद ठेवून येणारी मावशी

नंदुरबारच्या आमच्या लॅबमध्ये दर महिन्याला एक मावशी रक्त तपासायला येते. ती पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानात, मिरचीचे देठ खुडते. माझी आईही तेच काम करायची आणि त्यावरच मी बी.एस्सी. झालो, म्हणून मावशीच्या हाताचा तिखट वास मला ओळखीचा वाटतो. संधिवाताने तिची बोटं सुजून वाकली आहेत. खुर्चीत बसली की ती हात पुढे करते आणि म्हणते, "बांगड्या तूच वर सरकाव रे भाऊ."

सांधे सुजले की रक्तात एक प्रथिन वाढतं. औषधाने ते उतरतंय का, हे आम्ही मोजतो. तिचं उतरत नव्हतं. डॉक्टर औषध बदलणार होते. मी विचारलं, "मावशी, गोळ्या रोज घेता ना?"

"रोज. पन आठे येवाना पहिले चार दिन बंद. गोळी खाईसन रगत दिधं तर ते खोटं सांगी."

वजन वाढावं म्हणून मिरचीवर पाणी मारणारे तिने पाहिले होते. तसली लबाडी तिला रक्तात नको होती. त्यासाठी दर महिन्याला चार दिवस ती ठणका सोसत होती.

"मावशी, गोळीने काय काम केलं तेच तर बघायचं असतं."

"मंग हाई पहिले काबरं नही सांगं?"

मी डॉक्टरांना हे कळवलं, आणि त्यांनी औषध तेच ठेवलं.

परवा ती गोळ्या चालू ठेवून आली. मी हात पुढे करण्याआधीच तिने बांगड्या स्वतः वर सरकवल्या. संध्याकाळी आकडा उतरलेला दिसला, तेव्हा मला नवल वाटलं नाही.