बेलभंडार

वडील वकील होते आणि कोर्टातल्या जुन्या उर्दूवर त्यांचा भारी जीव. शपथेवर खोटं बोलण्याला ते 'दरोगहल्फी' म्हणत. दरोग म्हणजे खोटं, ते फारसीतून आलेलं. हल्फ म्हणजे शपथ, ती अरबीतली. "एका पापासाठी बघ किती लांबून आले दोघं," असं म्हणून हसायचे. हा शब्द त्यांच्याच धाकट्या भावाला लागू पडला, हे बघायला ते राहिले नाहीत, तेवढं बरं झालं.

वडील गेल्यावर अंबरपेठेच्या वडिलोपार्जित घराच्या ताब्यासाठी काका कोर्टात उभा राहिला आणि शपथ घेऊन म्हणाला, "भाऊ-वहिनी मलकपेठेतच राहायचे. या घरात वहिनी एक दिवसही नांदली नाही." मलकपेठेत वडिलांचं नुसतं ऑफिस होतं. पण ज्यांनी खरं सांगितलं असतं ते जुने शेजारी वारले होते आणि गणगोतातलं कुणी या भांडणात पडलं नाही. कोर्टाने काकाचं मानलं, आणि लग्नापासून त्याच घरात राहिलेली आई माझ्याकडे विद्यानगरला आली. येताना तिने स्वतःचा पोळपाट तेवढा आणला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

गेल्या चंपाषष्ठीला गणगोत नेहमीसारखं अंबरपेठेत जमलं. मीही गेले, मुद्दाम. खंडोबाची तळी उचलायच्या आधी देवापुढचा बेल आणि भंडारा मी ताम्हनात घेतला आणि काकापुढे धरला.

"काका, कोर्टात बोललात ते आता बेलभंडार उचलून बोला."

बेलभंडार उचलून खोटं बोलणाऱ्याचा निर्वंश होतो, असं आमच्यात मानतात. काका मागे सरकला.

"नक्को बेटा, सणाच्या दिवशी हे कायकू?"

"खरं असेल तर उचला ना!"

त्याने हात पुढे केला नाही. आत्या न जेवताच उठली, तिच्यामागून बाकीचेही उठले. मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

यंदा चंपाषष्ठीच्या सकाळी काकाचा फोन आला. आई शेजारीच भरिताची वांगी भाजत होती. मी फोन स्पीकरवर टाकला.

"बेटा, तळी उचलायला पाच जण लागतात. इथे मी आणि माझा लेक, दोघंच. कुणी येईना. तुझ्या मुलांना पाठवतेस?"

आईने गॅस बंद केला.

"कशी पाठवू, काका? त्यांची आजी त्या घरात एक दिवसही नांदली नाही ना!"